यंत्रे भाड्याने देणारी कंपनी : आय. बी. एम.चा विस्तार आणि तिच्या पुनर्रचना

स्मरणिकेसाठी काही माहितीपर मजकूर लिहावा अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हांस फार दूर जावे लागले नाही. आपल्या हैदराबादेतील मराठी कुटुंबांत आता असे घर विरळाच, की ज्यातील मुलगा, मुलगी, सून किंवा जावई संगणकाच्या एखाद्या कंपनीत नोकरीस नाही. पूर्वी ओसरीवर रेल्वेच्या आणि सरकारी कचेरीच्या नोकरीची जशी बोलणी चालत, तशी आता या कंपन्यांची चालतात. आणि त्या बोलण्यात एक शब्द वारंवार कानी येतो. इंग्रजीत त्यास 'रीस्ट्रक्चरिंग' म्हणतात, आपली वर्तमानपत्रे 'पुनर्रचना' म्हणतात. शब्द मोठा भारदस्त आहे. ऐकणाऱ्यास वाटावे की जुना वाडा उतरवून त्याच चौथऱ्यावर नवा बांधावयास घेतला आहे. घरी मात्र त्याचा अर्थ एवढाच पोहोचतो, की कुणाची तरी नोकरी गेली किंवा जाणार आहे.

आमचे असे मत झाले आहे की या एका शब्दाखाली अगदी भिन्न भिन्न गोष्टी खपविल्या जातात, आणि त्या वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून एखाद्या जुन्या कंपनीचा इतिहास मुळापासून पाहणे उपयोगी पडेल. त्यासाठी अमेरिकेतील आय. बी. एम., म्हणजे इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स, या कंपनीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. शंभर वर्षांहून अधिक वयाच्या या कंपनीने जितक्या वेळा कात टाकली तितक्या वेळा दुसऱ्या कोणा संगणक कंपनीने टाकली नसेल.

आरंभ संगणकापासून नव्हे, शिरगणतीपासून होतो. अमेरिकेत दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते. १८८० च्या खानेसुमारीचे आकडे हाताने मांडता मांडता सात-आठ वर्षे गेली, आणि पुढच्या गणनेस त्याहून अधिक काळ लागणार हे उघड दिसू लागले. त्या खात्यात काम केलेल्या हर्मन हॉलरिथ या तरुण अभियंत्याने त्यावर एक युक्ती काढली. ती समजण्यास आपण शाळेचेच उदाहरण घेऊ. समजा, शाळेत पाचशे मुले आहेत व प्रत्येकाच्या नावे एक जाड कागदाचे कार्ड आहे. कार्डावर ठरावीक जागी भोके पाडावयाची : एक जागा मुलगा की मुलगी यासाठी, एक वयासाठी, एक घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेसाठी. आता हे कार्ड यंत्राखाली ठेवून वरून टाचण्यांची चौकट दाबली, की जेथे भोक असेल तेथील टाचणी आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडते, विजेचे मंडळ पुरे होते आणि समोरच्या तबकडीवरचा काटा एका घराने पुढे सरकतो. भोक नसेल तेथे टाचणी कागदावरच अडते. पाचशे कार्डे अशी एकामागून एक दाबली की घरी मराठी बोलणाऱ्या मुली किती, हे तबकड्याच सांगतात. कोणाला वहीत रेघोट्या मारीत बसावे लागत नाही. १८९० च्या गणनेस ही यंत्रे वापरली गेली, आणि सव्वासहा कोटींच्या घरातील एकूण लोकसंख्येचा पहिला आकडा काही आठवड्यांतच जाहीर झाला.

यंत्र चतुर होते यात शंका नाही. परंतु व्यापाराच्या दृष्टीने अधिक चतुर होती ती दुसरी गोष्ट : हॉलरिथने ही यंत्रे सरकारला विकली नाहीत, भाड्याने दिली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील शंभर वर्षांतील कंपनीची भरभराट आणि तिची दुर्दशा या दोहोंचे मूळ तीत आहे.

हॉलरिथने १८९६ साली आपली कंपनी काढली. १९११ साली चार्ल्स फ्लिंट नावाच्या, कंपन्या एकत्र जुळवून देण्यात हातखंडा असलेल्या, एका व्यापाऱ्याने तिची सांगड इतर कंपन्यांशी घातली. त्यांतील एक दुकानांचे तराजू करी, दुसरी कामगारांच्या हजेरीची घड्याळे. मांस व चीज कापण्याची यंत्रेही या नव्या संस्थेच्या मालांत होती. एकूण नोकर सुमारे १,३००, आणि नाव इतके लांब की ते कुणाच्या तोंडी बसेना : कॉम्प्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग कंपनी. तराजूवाले, घड्याळवाले आणि कार्डवाले यांस एका छपराखाली आणणारी ही पहिली पुनर्रचना. पण ती भांडवलवाल्याची होती, कारागिराची नव्हे.

तीत जीव ओतला तो टॉमस वॉटसनने. हा १९१४ साली आला. गल्ल्याची यंत्रे करणाऱ्या एका बड्या कंपनीतून त्याला काढून टाकले होते, आणि मक्तेदारीविरोधी कायद्याखाली त्या कंपनीच्या अधिकाऱ्यांबरोबर त्यालाही एक वर्षाची शिक्षा झालेली होती. पुढे अपिलात ती रद्द झाली. अशा माणसाच्या हाती कंपनी सोपविणारे संचालक धाडसीच म्हटले पाहिजेत. वॉटसनने विक्रेत्यांची एक फौजच उभारली. गडद रंगाचा सूट, पांढरा सदरा, मद्यास मनाई, भिंतीवर 'विचार करा' अशी पाटी, आणि सभेत कंपनीची गाणी! होय, कंपनीची स्वतंत्र गाणी होती व ती छापून वाटली जात. आज हे हास्यास्पद वाटते. परंतु ज्या विक्रेत्याने यंत्र भाड्याने दिले त्यास दर महिन्याला त्याच गिऱ्हाइकाच्या दारी जावे लागे, आणि यंत्र बंद पडले तर भाडे बंद पडे. तेव्हा शिस्त, नीटनेटकेपणा आणि दुरुस्तीची तत्परता हे येथे शोभेचे गुण नव्हते, तो धंद्याचा पायाच होता. १९२४ साली कंपनीने सध्याचे नाव धारण केले.

भाड्याच्या पद्धतीची खरी परीक्षा महामंदीत झाली. १९२९ नंतर यंत्रे विकणाऱ्यांचे कारखाने ओस पडले, कारण नवे यंत्र घेण्यास कुणाच्या गाठीस पैसा नव्हता. आय. बी. एम.ला मात्र गिऱ्हाइकांकडे आधीच बसविलेल्या यंत्रांचे भाडे येत राहिले, शिवाय कार्डे कोट्यवधींनी खपत होती. त्या बळावर वॉटसनने कारखाने चालू ठेवले आणि यंत्रे करून कोठारात भरली. लोकांस तो वेडेपणा वाटला. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, सुमारे २ कोटी ६० लाख नोकरदारांच्या मिळकतीच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी सरकारवर पडली, आणि इतकी यंत्रे तयार असलेली कंपनी एकच होती. याच काळात, मंदीतही माणसे काढावयाची नाहीत, असा पायंडा तिच्यात पडला. तो लेखी करार नव्हता, रीत होती. पण न्यूयॉर्क राज्यातील एंडिकॉट किंवा पुकिप्सी यांसारख्या गावांत बापापाठोपाठ मुलगा कारखान्यात लागे, तो त्या रितीच्याच भरवशावर.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. भोके पाडलेल्या कार्डाला माणूस दिसत नाही, रकाना दिसतो. जर्मनीतील पोटकंपनीच्या यंत्रांनी हिटलरच्या राजवटीतील १९३३ व १९३९ च्या शिरगणतीची कामे केली, आणि त्या शिरगणतीत धर्माचाही रकाना होता. वॉटसनने १९३७ साली बर्लिनमध्ये जर्मन सरकारचे पदकही स्वीकारले. ते त्याने १९४० साली परत पाठविले. अनेक देशांत व्यापार करणारी कंपनी देशोदेशीच्या राजवटींशी कशी वागते, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या मागे लागला आहे, आणि तो सुटला आहे असे आम्हांस वाटत नाही.

युद्धानंतर विजेरी गणकयंत्रे आली. सूत्रे हळूहळू वॉटसनचा थोरला मुलगा, धाकटा टॉमस, याच्या हाती गेली. १९५६ साली दोन घटना घडल्या : यंत्रे केवळ भाड्यानेच न देता मागेल त्यास विकलीही पाहिजेत, असे सरकारशी तडजोडीने ठरले, आणि त्याच वर्षी थोरला वॉटसन वारला. १९५९ साली जाहीर झालेले '१४०१' हे यंत्र दहा हजारांहून अधिक प्रतींत गेले. तरीही धाकट्या वॉटसनला एक चिंता लागून राहिली होती, आणि तीतूनच, आमच्या मते, या कंपनीने केलेली एकमेव खरीखुरी पुनर्रचना जन्मास आली.

चिंता अशी. कंपनीची पाच-सहा प्रकारची गणकयंत्रे बाजारात होती, आणि एकाची भाषा दुसऱ्यास कळत नसे. लहान यंत्र घेतलेल्या गिऱ्हाइकाचा व्याप वाढला व त्याने मोठे यंत्र घेतले, की त्यासाठी लिहिलेली सारी आज्ञावली, म्हणजे यंत्राने पायरीपायरीने काय करावे हे सांगणाऱ्या सूचना, फेकून देऊन नव्याने लिहावी लागे. जणू प्राथमिक शाळेतून हायस्कुलात गेलेल्या मुलाने बाराखडीच नवी शिकावयाची! आणि नवी बाराखडी शिकावयाचीच असेल तर ती आय. बी. एम.चीच का? दुसऱ्या कंपनीचे यंत्र घेण्यास गिऱ्हाईक तेव्हा मोकळे होई.

त्यावर कंपनीने ठरविले, की चालू असलेली सर्व घराणी बंद करावयाची व त्यांच्या जागी एकच घराणे आणावयाचे, ज्याच्या लहानात लहान यंत्रावर लिहिलेली आज्ञावली मोठ्यात मोठ्या यंत्रावरही चालेल. वर्तुळाचे अंश जसे सर्व दिशा व्यापतात तसे हे सर्व कामे व्यापील, म्हणून त्यास 'सिस्टिम ३६०' असे नाव दिले. ७ एप्रिल १९६४ रोजी ती यंत्रे जाहीर झाली. खर्चाचा अंदाज ५ अब्ज डॉलर सांगितला गेला. अणुबाँबच्या युद्धकालीन योजनेस सुमारे २ अब्ज लागले होते, यावरून कल्पना यावी. पाच मोठे कारखाने नव्याने उभारावे लागले. घराण्यातील सर्व यंत्रे एका ठिकाणी तयार झालीच नाहीत. एकाची रचना इंग्लंडमधील प्रयोगशाळेने केली, एकाची जर्मनीतील.  आता त्यांस एकाच नकाशाबरहुकूम काम करावे लागले. आज्ञावली वेळेवर तयार होईनात, माणसांवर माणसे नेमली तरी उशीर वाढतच गेला. वॉटसन बंधूंपैकी धाकटा आर्थर याच्या हाती त्या वेळी निर्मितीची सूत्रे होती, आणि या ओढाताणीत त्याची कारकीर्द झाकोळली. पण डाव साधला. वर्तमानपत्रे 'हिमगौरी आणि सात बुटके' असे म्हणू लागली. सात बुटके म्हणजे उरलेल्या सात कंपन्या. १९७१ पर्यंत त्यांतील जनरल इलेक्ट्रिक व आर. सी. ए. या दोघी या धंद्यातून बाहेरही पडल्या.

आम्ही हिला खरी पुनर्रचना म्हणतो, याचे कारण तीत कंपनीने स्वतःचा चालता माल स्वतःच्या हाताने मोडीत काढला, गिऱ्हाइकाची एक खरी अडचण दूर केली, आणि माणसे कमी केली नाहीत तर वाढविली. पुढे जे जे या नावाने झाले ते या मापाने मोजून पाहावे.

१९६९ मध्ये सरकारने मक्तेदारीचा मोठा खटला भरला. तो तेरा वर्षे रेंगाळून १९८२ साली मागे घेण्यात आला. मात्र त्याच १९६९ मध्ये कंपनीने एक निर्णय घेतला, त्याचे फळ आज आपल्या घरांतून दिसते. तोवर यंत्राच्या भाड्यातच आज्ञावली, शिकवणी व दुरुस्ती येई. आता आज्ञावलींची व सेवेची किंमत वेगळी लावण्यात आली. ज्या वस्तूस किंमत नव्हती तीस किंमत आली, म्हणजेच ती करून विकणाऱ्या इतरांसही वाट मोकळी झाली. आज्ञावली लिहिणे हा स्वतंत्र धंदा जगभर फोफावण्यास ज्या कारणांचा हातभार लागला, त्यांत हे एक मोठे मानले जाते.

आता थोडे आपल्या देशाविषयी. आय. बी. एम. भारतात १९५१ पासून होती. १९६१ साली मुंबईत एस्सो या तेलकंपनीकडे '१४०१' यंत्र बसले, १९६३ साली कानपूरच्या आय. आय. टी.त '१६२०'. परंतु इकडे येणारी पुष्कळशी यंत्रे अन्यत्र वापरून परत आलेली, येथे डागडुजी करून पुन्हा भाड्याने लावलेली असत. परदेशात मोडीत निघालेल्या यंत्राचे भाडे आपण भरीत राहिलो, अशी टीका होऊ लागली व ती निराधार नव्हती. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी मालकी ४० टक्क्यांवर आणण्याचा आग्रह धरला. आपल्या शाखांत कुठेही भागीदार घ्यावयाचा नाही, हे कंपनीचे धोरण होते. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, बोलणी फिसकटली आणि १९७८ साली तिने गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सी. एम. सी. या सरकारी कंपनीने उचलली. आपल्या हैदराबादेत १९६७ साली स्थापन झालेल्या ई. सी. आय. एल.ने १९६९ मध्येच 'टी. डी. सी. १२' हा देशी संगणक तयार केला होता, हे येथे अभिमानाने नोंदविण्यास हरकत नाही. आय. बी. एम. १९९२ साली टाटांशी भागीदारी करून परत आली. ज्या तत्त्वासाठी गेली होती तेच बाजूस ठेवून आली, यावरून तिकडे मधल्या काळात काय घडले असावे याचा तर्क करता येतो.

घडले ते असे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने घरगुती आकाराचा संगणक काढला. किंमत १,५६५ डॉलरपासून. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिजच्या छोट्या तुकडीने तो साधारण वर्षभरात सिद्ध केला. मुख्य कचेरीच्या रितीने गेले असते तर इतक्या अवधीत समित्यांच्या बैठकीही पुऱ्या झाल्या नसत्या. घाई साधण्यासाठी भाग बाहेरून घेतले : मेंदू म्हणावा तो सूक्ष्म प्रक्रियक इंटेलचा, यंत्रास चालविणारी मूळ आज्ञावली मायक्रोसॉफ्टची, आणि ती इतरांस विकण्याची मोकळीक मायक्रोसॉफ्टपाशीच राहिली. परिणाम काय व्हावा? कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी तेच भाग घेऊन तसेच संगणक केले. नाव आय. बी. एम.चे झाले, नफा इंटेलचा आणि मायक्रोसॉफ्टचा झाला.

पुष्कळ लेखक कंपनीच्या पडझडीचे सारे खापर या एका प्रसंगावर फोडतात. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. याहून खोल घाव तिने स्वतःच्या हाताने घातला होता व तो बाहेरून दिसत नव्हता. सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या प्रारंभी कंपनीने मोठी यंत्रे भाड्याने देण्याऐवजी विकून टाकण्यावर भर दिला. भाडे महिन्याला थोडेथोडे येते. विक्रीची रक्कम एकदम हाती पडते. त्यामुळे उत्पन्नाचे आकडे भराभर चढले, आणि १९८४ चा नफा साडेसहा अब्ज डॉलरवर गेला. तेवढा नफा तोवर जगातील कोणत्याही कंपनीने मिळविलेला नव्हता. नोकरांची संख्या चार लाखांवर पोहोचली. पण आंब्याचे झाड तोडून लाकूड विकल्यावर त्या वर्षीचा हिशेब चांगलाच दिसावयाचा. विकलेल्या यंत्राचे भाडे पुढील वर्षी येत नाही, आणि दर महिन्याला गिऱ्हाइकाच्या दारी जाण्याचे कारणही उरत नाही. मंदीत जो आधार वॉटसनला होता तो आता राहिला नव्हता.

नव्वदीत मागणी मंदावली तेव्हा हे उघडे पडले. १९९१ साली २.८ अब्ज डॉलर तोटा, १९९२ मध्ये जवळजवळ ५ अब्ज, १९९३ मध्ये ८.१ अब्ज. प्रमुख जॉन एकर्स याचा बेत कंपनीचे अनेक स्वतंत्र तुकडे करण्याचा होता. जानेवारी १९९३ मध्ये त्याने पद सोडण्याचे जाहीर केले. १ एप्रिलला लुई गर्स्टनर आला, तो बिस्किटे व सिगारेटी करणाऱ्या कंपनीतून! पण त्याआधी तो अमेरिकन एक्स्प्रेसमध्ये होता, म्हणजे आय. बी. एम.चे एक बडे गिऱ्हाईक होता. यंत्राच्या आत काय चालते हे त्याला फारसे ठाऊक नसेल, परंतु यंत्र घेणाऱ्यास काय हवे असते हे ठाऊक होते. त्याने तुकडे करण्याचा बेत मोडला. गिऱ्हाइकाकडे दहा कंपन्यांची दहा यंत्रे साठलेली असतात, ती जुळवून देणारा एक जबाबदार माणूस त्याला पाहिजे असतो, आणि ते काम अखंड राहिलेली कंपनीच करू शकेल, हा त्याचा विचार. मोठ्या यंत्रांच्या किमती त्याने धडाधड उतरविल्या, त्यांची अंतर्रचना स्वस्त व कमी तापणाऱ्या नव्या तंत्रावर नेली, आणि सेवेचा धंदा इतका वाढविला की २००१ पर्यंत एकूण उत्पन्नाचा सुमारे दोनपंचमांश भाग तीतून येऊ लागला. विकलेल्या यंत्रांमुळे जो महिन्याचा संबंध तुटला होता तो सेवेच्या रूपाने त्याने पुन्हा जोडला, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

त्याची किंमत कोणी दिली? जुलै १९९३ मध्ये ८.९ अब्ज डॉलरचा एकवट खर्च खाती पडला आणि आणखी ३५,००० जागा कमी करण्याचे जाहीर झाले. १९९४ अखेर नोकर सुमारे २,२०,००० उरले. नऊ-दहा वर्षांपूर्वी होते त्याच्या जेमतेम निम्मे. हडसन नदीच्या खोऱ्यात, पुकिप्सी, किंग्स्टन, ईस्ट फिशकिल या गावांतून, माणसे न काढण्याची साठ वर्षांची रीत १९९३ च्या वसंतात मोडली. जेथे कारखाना हेच गाव होते, तेथे घरांच्या किमती पडल्या, दुकानांत उठाव राहिला नाही, आणि पन्नाशीच्या माणसाने काय करावे याला उत्तर नव्हते. १९९९ साली निवृत्तिवेतनाची पद्धत बदलली तेव्हाही जुन्या नोकरांत मोठा असंतोष झाला, व कंपनीस काही अंशी माघार घ्यावी लागली. कंपनी वाचली नसती तर उरलेल्या दोन लाखांचेही गेले असते, हा युक्तिवाद खरा आहे. तो ज्याला घरी पाठविले त्याला सांगण्याजोगा मात्र नाही. कारण झाड तोडून लाकूड विकण्याचा निर्णय त्याने घेतला नव्हता.

यानंतर पुनर्रचनेचा आणखी एक अर्थ सुरू झाला, तो म्हणजे आपलीच अंगे विकणे. चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविण्याचे यंत्र १९५६ साली प्रथम याच कंपनीने बाजारात आणले होते. तो विभाग २००२ मध्ये हिताचीकडे गेला. एंडिकॉटचा मूळ कारखानाही त्याच वर्षी विकला गेला. घरगुती संगणकांचा विभाग २००५ साली लेनोवो या चिनी कंपनीस दिला. २०१४ मध्ये ठरलेला व्यवहार तर ऐकूनच नवल वाटावे : सूक्ष्म प्रक्रियक बनविण्याचे कारखाने घेऊन जाण्यासाठी कंपनीने ग्लोबलफाउंड्रीज या दुसऱ्या कंपनीस उलट दीड अब्ज डॉलर दिले. मुलीच्या लग्नातील हुंडा आपल्यास परिचित आहे. कारखान्यासही हुंडा द्यावा लागतो हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. दुसऱ्या बाजूस भारतातील नोकरवर्ग वाढत गेला. १९९९ मध्ये टाटांचा वाटा विकत घेतल्यापासून तो इतका वाढला, की कंपनीची अमेरिकेतील माणसे कमी व भारतातील अधिक अशी बातमी २०१७ साली अमेरिकन वृत्तपत्रांनी दिली. म्हणजे हडसनच्या खोऱ्यात जे गेले त्याचा काही अंश आपल्याकडे आला. आपण ते भाग्य म्हणून भोगतो. तेथील माणूस त्यालाच निराळ्या नावाने ओळखतो.

आणि आता या गोष्टीतील सर्वांत विचित्र वळण. २००६ पासून ॲमेझॉनने आपल्या संगणकांची शक्ती तासावर, वापराप्रमाणे, भाड्याने देण्यास आरंभ केला. 'क्लाउड' म्हणजे ढग असे तिचे नाव, पण ढगात काही नाही. कुठेतरी मोठ्या इमारतीत संगणक रचलेले असतात आणि आपण तारेवरून त्यांचे भाडे भरतो. यंत्र विकत घ्यावयाचे नाही, वापराचे पैसे द्यावयाचे, मोडले तर मालकाने पाहावयाचे : ही तर हॉलरिथचीच रीत! ज्या कंपनीने जगास यंत्रे भाड्याने घेण्यास शिकविले, ती या नव्या भाड्याच्या बाजारात मागे पडली, आणि ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट व गूगल पुढे गेल्या. ते अंतर कापण्यासाठी २०१९ साली तिने रेड हॅट ही आज्ञावलीची कंपनी ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. तिच्या इतिहासात एवढी मोठी खरेदी पूर्वी झाली नव्हती. पुढील वर्षी अरविंद कृष्ण हे कंपनीचे प्रमुख झाले. ते कानपूरच्या आय. आय. टी.चे पदवीधर, जेथे १९६३ साली '१६२०' यंत्र बसले होते, तीच ही संस्था.

त्यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर २०२१ मध्ये, गिऱ्हाइकांची यंत्रणा सांभाळण्याचा विभाग तोडून 'किंड्रिल' नावाची निराळी कंपनी करण्यात आली. सुमारे ९०,००० माणसे एका दिवशी आय. बी. एम.ची न राहता किंड्रिलची झाली. त्यांतील पुष्कळांची जागा, मेज आणि काम दुसऱ्या दिवशीही तेच होते, फक्त गळ्यातील ओळखपत्र बदलले. मोठ्या बँकांच्या ज्या यंत्रांवर ती माणसे नजर ठेवतात, त्यांत आय. बी. एम.ची 'झेड' घराण्याची यंत्रेही आहेत. ती कंपनी आजही स्वतःच करते. 'झेड' हे १९६४ च्या 'सिस्टिम ३६०' चेच थेट वंशज असून, त्या काळी लिहिलेली आज्ञावली कुणी जपून ठेवली असेल तर तीवर आजही चालते.